व्यसनाची अनेक रूपे : एका चित्रपटावरून अभ्यास

वाचन : नीतिसूत्रे २३:२९-३५

वरील उताऱ्यातील मद्यप्याला मार बसला तरी कळत नाही, आणि शुद्धीवर येताच तो पुन्हा त्याच पेल्याकडे वळतो. इतके भोगूनही पाऊल तिकडेच का वळावे? हाच प्रश्न 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' हा अमेरिकन चित्रपट आपल्यापुढे ठेवतो. ह्यूबर्ट सेल्बी यांच्या १९७८ मधील कादंबरीवरून डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांनी तो २००० साली काढला. रेक्विएम म्हणजे मृतांसाठी केलेली उपासना. येथे मरतात ती स्वप्ने. चित्रपट मुलांना दाखविण्याजोगा मुळीच नाही, मोठ्यांनाही तो सोसवत नाही. म्हणून कथा थोडक्यात देतो.

१. चौघांची कथा

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सारा नावाची विधवा एकटी राहते. तिचा मुलगा हॅरी, त्याची मैत्रीण मॅरियन व मित्र टायरोन हे हेरॉइनच्या आहारी गेलेले आहेत. हॅरी आईचा टेलिव्हिजन वारंवार नेऊन दुकानदाराला देतो, आणि आई पैसे मोजून तो परत आणते. उन्हाळ्यात तिघे तरुण बेत करतात की, थोडा माल विकून पैसा जमवू व मॅरियनसाठी कपड्यांचे दुकान काढू. हिवाळा येईपर्यंत हॅरीचा सुया टोचून सडलेला हात कापावा लागतो, टायरोन तुरुंगात राबतो आणि मॅरियन नशेसाठी देह विकते.

२. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे व्यसन

साराने हेरॉइनला कधी हात लावलेला नाही. टेलिव्हिजन आणि गोडधोड हाच तिचा विरंगुळा. एके दिवशी फोन येतो की, तुमची टेलिव्हिजनवरील कार्यक्रमासाठी निवड झाली आहे. मुलाच्या शाळेच्या पदवीदान समारंभाला घातलेला लाल झगा आता अंगात बसत नाही. वजन उतरावे म्हणून ती डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर तिच्याकडे नीट पाहतही नाहीत, गोळ्या मात्र लिहून देतात. त्यांत अ‍ॅम्फेटामिन आहे. या औषधाने भूक मरते, झोप उडते, अंगात उसना उत्साह येतो. शरीराला सवय झाली की तीच मात्रा पुरत नाही. सारा मनानेच गोळ्या वाढविते. पुढे तिला भास होऊ लागतात, घरातला रेफ्रिजरेटर अंगावर येतोसे वाटते, आणि अखेरीस ती वेड्यांच्या इस्पितळात जाते. मुलाचा माल चोरबाजारातला, आईचा औषधाच्या दुकानातला. पण शेवट दोघांचा सारखाच.

३. मुळाशी काय आहे?

चित्रपटाचे मर्म एका भेटीत आहे. हॅरी आईला भेटायला येतो. तिचे दात करकर वाजताना ऐकून त्याला ताबडतोब कळते, कारण तो स्वतः त्याच वाटेवर आहे. गोळ्या सोड, असे तो विनवितो. तेव्हा ती आपले मन उघडे करते. नवरा गेला, मुलगा दूर राहतो, कोणाला आपली गरज नाही. निदान या झग्यामुळे सकाळी उठावेसे वाटते. हॅरी बाहेर पडतो, टॅक्सीत रडतो, आणि ते दुःख बुजविण्यासाठी पुन्हा हेरॉइनच घेतो. दोघांचे प्रेम खरे आहे. तरीही आईच्या एकटेपणावर उपाय करण्याइतका मुलगा मोकळा उरलेला नाही. व्यसन पैसा व प्रकृती नेते, तसेच दुसऱ्याच्या हाकेला ओ देण्याचे बळही नेते.

४. चित्रपटात नसलेली गोष्ट

चित्रपट दरी दाखवितो, पूल दाखवीत नाही. साराला दिलेले विजेचे झटके तेथे शिक्षेसारखे भासतात. प्रत्यक्षात हा उपचार आज भूल देऊन करतात व तीव्र नैराश्यात त्याचा गुण येतो. म्हणून चित्रपट पाहून कोणी इस्पितळाची धास्ती घेऊ नये. शिवाय दीर्घकाळची दारू किंवा झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम तोडणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुन्हा घसरण झाली तरी सारे संपले असे समजू नये. पुष्कळजण अनेक प्रयत्नांनंतर सुटतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात वर्षानुवर्षे चालू असलेल्या गोळ्या, मिश्री वा तंबाखू यांना आपण व्यसन म्हणतो काय? नसल्यास का?

२. साराकडे आठवड्यातून एकदा कोणी केवळ गप्पा मारायला गेले असते, तर काय फरक पडला असता?

३. आपल्या मंडळीत अशी 'सारा' कोण आहे? या आठवड्यात तिच्याकडे कोण जाईल, हे बैठक संपण्यापूर्वी ठरवा.