नाइलाजाचा धनी

पावसाळ्यात एखाद्या सकाळी दार उघडावे आणि जिन्याखाली पोत्यावर अनोळखी बोका अंग चोरून बसलेला दिसावा, असे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. त्याचा मागचा एक पाय जमिनीला टेकत नाही. हुसकावले तर चार पावले लंगडत जातो आणि पुन्हा येऊन बसतो. घरातली वडीलमाणसे म्हणतात, "लक्ष देऊ नका, आपोआप जाईल." तुम्हालाही ते पटते. पण संध्याकाळी शाळेतून परत आल्यावर दप्तर ठेवण्याआधी तुमची नजर जिन्याखाली जाते. मांजराचे धनी होण्याची सुरुवात पुष्कळदा अशी, मनात नसतानाच होते.

लंडन शहरात २००७ साली हेच घडले. जेम्स बोवेन नावाचा तरुण तेथे रस्त्यावर गिटार वाजवून पोट भरत होता. व्यसनातून बाहेर पडण्यासाठी त्याच्यावर उपचार चालू होते. त्याच्या इमारतीत एक तांबूस बोका येऊन बसला. मागच्या पायाला जखम होती. कोणाचा तरी पाळीव असेल म्हणून बोवेनने आधी वाट पाहिली. स्वतःचीच घडी बसलेली नसताना हे लोढणे गळ्यात घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी त्याने बोक्याला प्राणिदया संस्थेच्या दवाखान्यात नेले. जखमेत पू झालेला होता. प्रतिजैविकाच्या गोळ्या दोन आठवडे द्यायच्या होत्या आणि त्या घेण्यात त्याच्याजवळचे बहुतेक पैसे संपले. बोका बरा झाला की त्याला सोडून द्यायचे, असा त्याचा बेत होता.

भटक्या बोक्यांमध्ये अशी गळवे फार आढळतात. याचे कारण त्यांच्या दातांत आहे. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक आणि टोकदार असतो. भांडणात तो कातडीत खोल शिरतो, पण बाहेरचे भोक इतके लहान असते की एक-दोन दिवसांतच त्यावर खपली धरते. सुळ्याबरोबर तोंडातले जंतू आत गेलेले असतात. लुई पाश्चर यांच्या नावावरून ओळखला जाणारा पाश्चुरेला हा त्यांतला एक. शिवाय हवेचा संपर्क नकोसा असणारे जंतूही त्यांत असतात. भोक बुजल्यामुळे त्यांना हवी तशीच जागा मिळते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, जंतूंशी लढताना मरतात आणि त्यांचा पू होतो. मांजराची कातडी सैल असल्याने तो कातडीखाली पसरत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र जखम भरून आली असेच वाटते! अशा जखमेवर वरून हळद दाबून काय होणार? पशुवैद्याला गळू फोडून आतला पू काढावा लागतो. प्रतिजैविकही सांगितले तितके दिवस पुरे द्यावे लागते. लंगडणे थांबले म्हणून गोळ्या थांबवल्या, तर उरलेले जंतू पुन्हा वाढू शकतात.

मांजराला ताप आहे की नाही, हे हात लावून ठरवू नका. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर निरोगी मांजराचे ३८ ते ३९ अंश. त्यामुळे धडधाकट मांजरही आपल्या तळहाताला कोमट लागते. त्यापेक्षा दुरून निरीक्षण करा. ते झोपलेले असताना बरगड्यांची हालचाल मिनिटभर मोजा. साधारण २० ते ३० श्वास ठीक समजावेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा अर्ध्यावर आला आहे का, ते पाहा. ही मांजराची तिसरी पापणी असून एरवी ती फारशी दिसत नाही. अंगावरचे केस विस्कटलेले असतील, तर त्याने स्वतःला चाटणे सोडले आहे असे समजावे. ते विव्हळेल, ओरडेल अशी वाट मात्र पाहू नका. मांजर शिकार करते, पण मोठ्या जनावरांच्या तोंडी ते स्वतःही सापडते. दुबळेपणा उघड करणे त्याला परवडत नाही. म्हणून आजारी मांजर कोपरा गाठून गप्प बसते.

अशा वेळी कनवाळू माणसाच्या हातून एक भयंकर चूक होऊ शकते. दुखते आहे म्हणून घरातल्या पॅरासिटॅमॉलच्या गोळीचा तुकडा दुधातून द्यावा, असे त्याच्या मनात येते. आपण ही गोळी घेतो तेव्हा आपले यकृत त्या औषधाला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देते आणि तयार झालेला पदार्थ लघवीवाटे निघून जातो. ही जोड देणाऱ्या विकराचे जनुक मांजरात मोडलेले आहे. केवळ घरच्या मांजरातच नव्हे, सिंह-चित्त्यांसह सगळ्या मार्जारकुलात ते तसेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषे पचवण्याचे काम क्वचितच पडले. तेव्हा हे जनुक बिघडले तरी त्याचे अडले नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. अडते ते आपल्या गोळीपाशी! औषधाचे विषारी अंश रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. मग ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, श्वास लागतो आणि गोळीच्या तुकड्यानेही मांजर दगावू शकते. काळ्या फिनेलने पुसलेली ओली फरशीही याच कारणाने धोक्याची. त्यावरून चाललेले मांजर आपले पंजे चाटतेच.

दुधाविषयीही सांगायला हवे. पिलू मोठे झाले की दुधातली साखर पचवणारे विकर कमी होते आणि पुष्कळ मांजरांना दुधाने जुलाब होतात. आजाऱ्याला पाणी हवे आणि कोमट केलेला मासा किंवा बिनमसाल्याचे मांस हवे. अन्न कोमट केल्याने वास उठतो. नाक चोंदलेले मांजर वास आल्याशिवाय तोंड लावत नाही. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेले नाही, तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहण्याची भीती असते.

आता बोवेनच्या आणि आपल्या परिस्थितीतला एक मोठा फरक लक्षात घ्या. ब्रिटनमधल्या कुत्र्या-मांजरांत अनेक दशके रेबीज पसरलेला नाही. आपल्याकडे तो आहे. म्हणून जखमी मांजराला उघड्या हाताने उचलू नका. मोठ्या माणसाच्या मदतीने, जाड कापड टाकून त्याला टोपलीत घ्या. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. घरी बोलणी बसतील म्हणून ही गोष्ट लपवणे जिवावर बेतू शकते.

इकडे लंडनचा बोका बरा झाला. पुन्हा भांडणे आणि पुन्हा गळवे नकोत म्हणून बोवेनने त्याची नसबंदीही करून घेतली. मग त्याला मोकळे सोडले. पण बोका जाईना. एके दिवशी तो मागोमाग आला आणि चक्क बसमध्ये चढला! पुढे बॉब या नावाने तो बोवेनच्या खांद्यावर बसून शहरभर हिंडू लागला. त्याच्यावरचे पुस्तक २०१२ साली निघाले. २०२० साली बॉब मेला, तेव्हा त्या दोघांची सोबत १३ वर्षांची झाली होती.

ही केवळ खाण्याची ओढ असेल का? अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली यासंबंधी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराला अनोळखी खोलीत धन्याबरोबर २ मिनिटे ठेवायचे, मग २ मिनिटे एकटे सोडायचे आणि नंतर धन्याला परत आत पाठवायचे. सुमारे दोन तृतीयांश मांजरे धनी दिसताच सावरली आणि खोली हुंगत फिरू लागली. तान्ह्या मुलांची आईविषयीची ओढ तपासण्यासाठीही अशाच प्रकारची चाचणी वापरतात.

तुम्हालाही एक प्रयोग करता येईल. ओळखीचे मांजर निवांत बसलेले असताना दोन-तीन हात अंतरावर बसा. टक लावून पाहू नका. पापण्या सावकाश अर्ध्या मिटा, क्षणभर थांबा आणि पुन्हा उघडा. इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०२० साली असे करून पाहिले, तेव्हा मांजरेही डोळे बारीक करून प्रतिसाद देत होती आणि परक्या माणसाजवळही अधिक तयारीने येत होती. दहा वेळा करून पाहा आणि किती वेळा उत्तर मिळाले ते वहीत मांडा. जिन्याखालचा बोका पहिल्या दिवशी बहुधा तोंड फिरवील. आठवड्याने पुन्हा मोजा.