ई-मेलची चाळणी आणि मराठी विषय



परीक्षेचे अर्ज, फी-माफीच्या विनंत्या, विश्वस्त मंडळाच्या सभेच्या सूचना आता ई-मेलनेही येतात. असे पत्र वाटेत अडले तर मुलाचे नुकसान होते. म्हणून या अंकात मेल सर्व्हरच्या चाळणीचा पाठ देत आहोत.

बेगम बाजारात हमाल पोते उघडून पाहत नाही; वरची खूण पाहून माल कोणत्या दुकानाचा ते ओळखतो. ई-मेलवरही अशा खुणा असतात : कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख. त्यांना हेडर म्हणतात. विट्से वेनेमा यांनी तयार केलेला व १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला पोस्टफिक्स हा सर्व्हर या खुणा नियमांच्या फाइलशी ताडून पाहतो. प्रत्येक नियमात एक नमुना व एक कृती असते : नाकारणे, रोखून ठेवणे, गुपचूप टाकून देणे किंवा फक्त नोंद करणे.

चाळणी नीट चालत नसेल तर पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. क्रम : नियम वरून खाली वाचले जातात. हेडरला पहिला नियम जुळला की खालचे पाहिले जात नाहीत.

२. एका वेळी एकच हेडर : ‘कोणाकडून’ या ओळीला मोकळीक दिली, तरी ‘विषय’ स्वतंत्रपणे तपासला जातोच. ओळखीच्या माणसाचे पत्रही म्हणून अडू शकते.

३. शब्दात दडलेला शब्द : १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल कंपनीचे खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक अपशब्द दडलेला होता. नमुन्याला शब्दाच्या दोन्ही सीमा घालून द्याव्यात.

४. मराठी विषय : हा मुद्दा आपल्या शाळेसाठी सर्वांत महत्त्वाचा. १९९६ च्या आरएफसी २०४७ या प्रमाणानुसार देवनागरी विषय सहसा सांकेतिक रूपात पाठवला जातो. बेस-६४ पद्धतीत ‘शाळा’ या शब्दाची सोळा चिन्हे होतात. पोस्टफिक्स ती उलगडून पाहत नाही. त्यामुळे नियमात लिहिलेला मराठी शब्द जुळत नाही. उलट, कंटाळून कोणी ‘सांकेतिक विषय असलेले प्रत्येक पत्र नाकारा’ असा नियम लिहिला, तर जाहिरातींबरोबर मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू पत्रेही परत जातील. आपल्या भाषेत लिहिणे हाच जणू गुन्हा ठरेल. असा नियम लिहू नये.

तपासणीची रीत सोपी आहे. ‘पोस्टमॅप’ या आज्ञेला हेडरची एक ओळ व नियमांची फाइल द्यावी. नियम जुळला तर त्याची कृती पडद्यावर दिसते. काहीच दिसले नाही तर नियम जुळला नाही असे समजावे. नवा नियम प्रथम ‘वॉर्न’ या कृतीने लावावा. पत्र पोहोचते व सर्व्हरच्या नोंदवहीत उल्लेख राहतो. काही दिवस नोंदी वाचून खात्री झाल्यावरच ‘रिजेक्ट’ करावे. ‘डिस्कार्ड’ शक्यतो टाळावे. पत्र नष्ट होते, पण पाठवणाऱ्याला ते पोहोचले असेच वाटते.

पालकांना विनंती : महत्त्वाच्या ई-मेलचे उत्तर आले नाही, तर शाळेच्या कार्यालयात अवश्य विचारावे.

स्वाध्याय : युनिकोडमध्ये ‘पुस्तक’ या शब्दात काना-मात्रा व हलन्त धरून सहा घटक आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात. बेस-६४ मध्ये तीन बाइटची चार चिन्हे होतात. तर ‘पुस्तक’ची एकूण चिन्हे किती?

– मुख्याध्यापक