वेल्ह्याचा राजगड तालुका झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, पत्त्यात आता वेल्हे लिहायचं की राजगड?" उत्तर सोपं आहे. नाव तालुक्याचं बदललं. तोरण्याच्या पायथ्याचं गाव वेल्हेच आहे.

पण राजगड हे नावसुद्धा मूळचं नाही बरं का. त्या डोंगराला मुरुंबदेव म्हणत. शिवरायांनी तिथे किल्ला बांधून राजधानी केली आणि नाव ठेवलं राजगड. इथे जरा थांबून बघा. तोरण्याचा अफाट विस्तार पाहून त्याला प्रचंडगड म्हटलं गेलं, भोरजवळचा रोहिडा विचित्रगड झाला. यातल्या एकाही गडाला महाराजांचं स्वतःचं नाव नाही! 'राजगड' म्हणजे राजाचा गड. त्यात पद आहे, व्यक्ती नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

१७०४ मध्ये औरंगजेबाने हे दोन्ही गड घेतले. राजगडाचा नबीशहागड केला, तोरण्याचा फुतुहुल्गैब. आज ही नावं फक्त इतिहासाच्या पुस्तकात सापडतात. पण गंमत अशी की 'प्रचंडगड' तरी कुठे कोणाच्या तोंडी आहे? लोक तोरणाच म्हणतात. मात्र जुनी मराठी कागदपत्रं वाचायला बसलात की प्रचंडगड भेटतो, आणि हा तोरणाच हे माहीत नसेल तर अख्खा कागद हातचा जातो. म्हणून जुनं नाव पुसायचं नसतं, नव्याशेजारी लिहून ठेवायचं असतं.

भाटघरचंही तसंच. इंग्रजी अमदानीत धरणाला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव मिळालं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे; येसाजी इथल्याच भुतोंड्याचे. तरी एस.टी.त बसलेला माणूस तिकीट मागतो ते भाटघरचंच.

आता राजांची नावं. भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. पुढे शंकरराव, चिमणाजी, रघुनाथराव ही नावं त्या गादीवर फिरून फिरून येतात. १८७१ ते १९२२ शंकरराव, त्यांच्यानंतर रघुनाथराव. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तीच रीत! म्हणून परीक्षेत नुसतं 'रघुनाथराव' लिहून चालत नाही, वडिलांचं नाव किंवा साल हवंच.

दत्तक आला की नाव मुळातूनच बदलायचं. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू झाले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. शाहू हे नाव आधी साताऱ्याच्या छत्रपतींचं होतं. म्हणजे गादीबरोबर नावही वारशाने मिळालं. गडाला स्वतःचं नाव न देणाऱ्या शिवरायांचं नावही असंच पुढे गेलं : राजाराम महाराज आणि ताराबाईंच्या मुलाचं नाव शिवाजीच होतं.

उद्या येताना एक काम करा. घरी आजी-आजोबांना आपल्या वाडीतल्या डोंगराची, ओढ्याची, शेताच्या तुकड्याची नावं विचारा. सातबारावर असलेलं नाव एका रकान्यात लिहा, आजी म्हणते ते दुसऱ्या रकान्यात.