आमरीचें बिऱ्हाड

ज्या वनस्पतीस इंग्रजींत ऑर्किड म्हणतात तिला आपल्या भाषेंत आमरी असें नांव आहे. हें नांव थोड्याच विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलें असेल. वस्तु मात्र बहुतेकांनीं पाहिलेली आहे. वागळे इस्टेटींतील कचेऱ्यांतून दिवाळीस जी भेट घरीं येते, तींत अलीकडे मिठाईच्या पेटीऐवजीं कधीं कधीं जांभळ्या अथवा पांढऱ्या फुलांची एक डौलदार कुंडी असते. दीड-दोन महिने ती दिवाणखान्याची शोभा वाढविते. पुढें फुलें गळतात, दांडा वाळतो, आणि झाड मेलें असें ठरवून कचऱ्याच्या डब्यांत तिची रवानगी होते. वस्तुतः तें झाड जिवंत असतें. फुलण्याचे श्रम संपवून तें विसांवा घेत असतें. आणि ज्या कुंड्या टाकल्या जात नाहींत, त्यांतील पुष्कळशा पाण्यानें मरतात. ह्या दोन्ही अपमृत्यूंस कारण एकच. तें असें कीं, आमरीचें मूळ काय मागतें हें पाहण्याच्या आधींच आपण तिला तुळशीसारखें वागवूं लागतों.

आमरीचें कुल मोठें आहे. जगांत तिच्या सुमारें अठ्ठावीस हजार जाति आहेत. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एकट्या भारतांतील १,२५६ जाति नोंदल्या आहेत. आइस्क्रीमला वास देणारी व्हॅनिला ही देखील एका आमरीची शेंग होय, हें ऐकून बालवाचकांस आनंद होईल. मुंबई इलाख्यांतील आमरींचा अभ्यास पुष्कळांनीं केला. त्यांत सेंट झेवियर कॉलेजांतील स्पॅनिश जेझुइट पाद्री फादर सांतापाव यांचें नांव आम्हांस विशेष आदरानें घ्यावेंसें वाटतें. त्यांनीं व कापडिया यांनीं मिळून लिहिलेला ‘दि ऑर्किड्स ऑफ बाँबे’ हा ग्रंथ १९६६ सालीं निघाला.

कांहीं आमरी जमिनींत वाढतात, परंतु ज्या आपण घरीं आणतों त्या बहुतेक मूळच्या झाडावर राहणाऱ्या. सह्याद्रीच्या रानांत पावसाच्या तोंडीं आंब्याच्या वा ऐनाच्या फांदीवरून गुलाबी ठिपक्यांच्या फुलांची लांब वेणी लोंबत असते. लोक तिला सीतेची वेणी म्हणतात. आसामांत तीच बिहूच्या नाचांत मुली केसांत माळतात, व तें त्या राज्याचें पुष्प आहे. अशी झाडावरची आमरी पाहून ती झाडाचें रक्त पिते असा समज होतो. हा तिच्यावर मोठा अन्याय आहे! बांडगूळ फांदीच्या आंत मूळ घुसवून रस चोरतें. आमरी केवळ सालीस धरून बसते. बांडगूळ चोर, तर आमरी बिऱ्हाडकरू. तिला जागा हवी, उजेड हवा. अन्नपाणी तिचें तीच मिळविते. प्राचीनांनीं मात्र झाडावर उगवणाऱ्या अशा सर्वांसच ‘वंदा’ हें एक नांव दिलें होतें. सर विल्यम जोन्स यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तें उचललें, आणि आज जगांतील बागवान ज्या आमरीस ‘व्हँडा’ म्हणतात तिचें नांव आपल्या संस्कृतांतून गेलेलें आहे.

आतां मुळाकडे वळूं. फांदीवर माती नसते. पावसाचें पाणी सालीवरून ओघळतें, घटकाभर ओल राहते, आणि वारा ती वाळवून टाकतो. तेवढ्या घटकेंत पाणी टिपून घेतां यावें म्हणून आमरीच्या मुळाभोंवतीं निर्जीव पेशींचें एक पांढुरकें, स्पंजासारखें वेष्टण असतें. विद्यार्थ्यांनीं घरच्या कुंडींतील एखाद्या रुपेरी, कोरड्या मुळावर पाण्याचा थेंब टाकून पाहावें. पाहतां पाहतां तेवढा भाग हिरवा होतो. वेष्टण पाण्यानें भरलें म्हणजे तें पारदर्शक होऊन आंतील हिरवें मूळ दिसूं लागतें. हा थेंबाचा प्रयोग ज्यानें केला त्यास पाणी घालण्याचें निम्में शास्त्र कळलें: मूळ रुपेरी दिसलें तर पाणी द्यावें, हिरवें असल्यास थांबावें. हेंच मूळ चिकट मातींत पुरलें तर वेष्टण सदा ओलें राहतें, वारा बंद होतो, आणि मूळ कुजतें. मुळें कुजल्यावर पानें सुरकुततात. तीं सुरकुतलेलीं पाहून घरांतील माणसें अधिक पाणी घालतात, आणि मग उरलेंसुरलें मूळही जातें.

म्हणून कुंडी भरतांना माती मुळींच घेऊं नये. लोणारी कोळशाचे सुपारीएवढे खडे, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे कापलेले तुकडे हें आपल्या कोंकणपट्टींतलें साहित्य उत्तम. सोडण मात्र दोन-तीन दिवस पाणी बदलीत भिजत घालावें, म्हणजे त्यांतील क्षार व चीक निघून जातो. आणि तें थोडेंच घ्यावें, कारण तें फार वेळ ओल धरतें. कुंडी मातीची, बाजूंसही भोंकें असलेली असावी, आणि आकारानें लहानच असावी. मोठी कुंडी म्हणजे झाडाला मोठेपणा दिला असें पुष्कळांस वाटतें. खरें पाहतां त्यामुळें ओल कोंडते एवढेंच.

बदलीचा समय ठरविण्यास पंचांग नको. फुलें संपून नवीन मुळांचीं हिरवीं टोकें दिसूं लागलीं कीं कुंडी बदलावी. साधारणतः दीड-दोन वर्षांनीं, जुनें सोडण कुजून भुसा होऊं लागलें म्हणजे. झाड अर्धा तास पाण्यांत ठेवल्यास मुळें लवचिक होतात व मोडत नाहींत. मग जुनें साहित्य हलकेच सोडवावें. टणक मूळ राखावें. दाबतां पोकळ अथवा लिबलिबीत लागलें तें कापावें. कात्री आधीं ज्योतीवर धरावी, आणि कापलेल्या जागीं दालचिनीची पूड लावावी. ती बुरशीस आवर घालते. धड मुळांस मात्र ती लागूं देऊं नये, कारण त्यांस ती सुकविते. तळाशीं मोठे खडे, वर लहान, आणि खोडाचा बुंधा पृष्ठभागाच्या वर राहील असें झाड बसवावें. तें डुगडुगत असल्यास काठीस बांधावें. हलणारें झाड नवीं मुळें धरीत नाहीं. त्यानंतर चार-पांच दिवस पाणी देऊं नये, जखमा सुकूं द्याव्या.

पाणी नेहमीं सकाळीं द्यावें, भरपूर द्यावें, आणि सर्व निथळूं द्यावें. कुंडीखालीं बशींत तें सांचूं देऊं नये. पानांच्या बेचक्यांत पाणी राहिल्यास कापडानें टिपावें, नाहींतर गाभा कुजतो. उन्हाळ्यांत एक-दोन दिवसांआड, हिवाळ्यांत चार-पांच दिवसांनीं पाणी लागतें. तथापि वार मोजण्यापेक्षां मुळाचा रंग पाहावा आणि कुंडी हातांत उचलून वजन अजमावावें. ठाणें शहरांत वर्षाकाठीं सुमारें शंभर इंच पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत कुंडी पागोळ्यांखालून आंत घ्यावी, व शक्य तर वाऱ्याच्या वाटेंत टांगावी. फांदीवरची आमरी तोच पाऊस आनंदानें सोसते, कारण तिच्या मुळांस वारा चारी बाजूंनीं मिळतो.

उजेडाविषयीं पानेंच बोलतात. गर्द हिरवीं, लेचींपेचीं पानें म्हणजे उजेड अपुरा. पिवळटलेलीं म्हणजे ऊन फार. रुंद पानांच्या, पतंगासारख्या फुलांच्या फॅलेनॉप्सिसला पूर्वेच्या खिडकींतील सकाळचें कोवळें ऊन पुरतें. उंच कांड्यांच्या डेंड्रोबियमला त्याहून पुष्कळ अधिक लागतें. किसननगरांतील वा श्रीनगरांतील खोल्यांना बाग नसली तरी खिडकी असते, आणि आमरीला तेवढी पुरे. मात्र रस्त्याची धूळ पानांवर बसते, ती आठवड्यास ओल्या फडक्यानें पुसावी. खत फार पातळ द्यावें: विद्राव्य खत लिटरभर पाण्यांत अर्धा ग्रॅम, आठवड्यांतून एकदां, आणि तेंही आधीं मुळें साध्या पाण्यानें भिजवून.

डेंड्रोबियमची पानें गळालेली जुनी कांडी कापूं नये. ती झाडाचें अन्नाचें कोठार असते. कधीं त्या कांडीवरच मुळांसकट एक लहानसें रोप फुटतें. त्याचीं मुळें दोन इंच झालीं म्हणजे तें अलग करून दुसऱ्या कुंडींत लावावें.

आतां एक गोष्ट पालकांसही सांगावीशी वाटते. येऊरच्या डोंगरावर सहलीस गेलेले कांहीं जण झाडावरची आमरी सोलून घरीं आणतात. तो सर्व भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतो आणि तेथून झाड काढणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी ह्या हानीचें माप समजून घ्यावें. आमरीच्या एका शेंगेंत धुळीसारखीं लक्षावधि बीजें असतात. परंतु बीजांत अन्नाचा सांठा नसल्यामुळें योग्य ती बुरशी भेटल्यावांचून तें रुजत नाहीं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञास हें १८९९ सालीं उमगलें. रुजलेल्या बीजास फूल येण्यास रानांत कैक वर्षें लागतात. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंतील नडसन यांनीं साखर घातलेल्या खळींत बुरशीवांचून बीज रुजवून दाखविलें, १९६० सालीं फ्रान्समधील मोरेल यांनीं कोंबाच्या कणापासून रोपें करण्याची रीत सांगितली, आणि आमरी मिठाईच्या पेटीच्या किमतींत मिळूं लागली. बाजारांतील कुंडी अशी बाटलींत जन्मलेली असते. रानांतून ओरबाडलेली बहुधा घरीं जगतही नाहीं.

राहिला प्रश्न पुन्हां फूल येण्याचा. फॅलेनॉप्सिसचा दांडा फुलें गळल्यावर हिरवा असला तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गांठीवर कापावा. तेथून कधीं नवा फांटा फुटतो. वाळला असल्यास बुंध्याशीं छाटावा. ह्या जातीस दांडा धरण्यासाठीं कांहीं आठवडे गारवा लागतो, पंचवीस अंशांच्या खालचा. आपल्याकडे तो मार्गशीर्ष-पौषांतील रात्रींच मिळतो. तेव्हां त्या दिवसांत कुंडी रात्रीं उघड्या खिडकीशीं ठेवावी. पानांच्या बगलेंतून एक हिरवें टोंक डोकावूं लागेल. तें बोटासारखें गोल असलें तर मूळ समजावें. चपटें व टोकाशीं किंचित् खाचलेलें दिसलें तर तो दांडा होय. तो दिसल्यावर कुंडी फिरवूं नये, कारण दांडा उजेडाच्या दिशेनें वळतो व वारंवार फिरविल्यास वांकडा होतो.