गॅस सगळ्यात शेवटी

एक गोष्ट आधी कबूल कर बघू: गाडीच्या एसीत गॅस आत्ता भरायचा नाही. मिस्त्री म्हणाला असेल, "ताई, गॅस गेला आहे, भरून देतो, तासाभराचं काम." तुलाही वाटलं असेल, चला, सुटलो एकदाचे. थांब गं. बाबांची पद्मिनी गाडी इतकी वर्षं शेडमध्ये उभी होती, अजून आठवडाभर उभी राहिली तर रुसणार नाही.

घरातल्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरतेस का? नाही ना. तिथे तोच गॅस वर्षानुवर्षं आतल्या आत फिरतो. गाडीतही तसाच फिरायला हवा. फरक एवढाच, की गाडीच्या एसीला रबरी पाइप असतात, इंजिनचे हादरे असतात, आणि कंप्रेसरच्या शाफ्टला एक सील असतं. गाडी उभी राहिली की ते सील कोरडं पडतं आणि तिथून गॅस हळूहळू निसटतो. म्हणजे गॅस नाही, याचा अर्थ कुठेतरी वाट आहे. ती वाट बुजवल्याशिवाय भरलेला गॅस मेअखेरचा नवतपा यायच्या आधीच उडून जाईल आणि तू परत त्याच गॅरेजच्या बाकड्यावर बसशील.

म्हणून मिस्त्रीला सरळ सांगायचं, "भाऊ, आधी नायट्रोजन मारून लीकेज बघा." साध्या हवेच्या कंप्रेसरने नाही हं, त्या हवेतून ओल आत जाते. नायट्रोजन कोरडा असतो. दाब देऊन प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा, जिथे बुडबुडे तिथे गळती. डॅशबोर्डखाली लटकवलेल्या डब्यातली कूलिंग कॉइलही तपासायला लाव, कारण ती उघडायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. बहुतेक पद्मिनींना एसी नंतर बाहेरून बसवून घेतलेला असतो, तेव्हा जोड जास्त आणि प्रत्येकाचा थाट वेगळा. घाबरू नकोस, ओ-रिंग बदलून निम्मे जोड गप्प बसतात.

आता गॅस कोणता, हा प्रश्न. बाबांनी एसी नव्वदच्या आधी बसवला असेल तर त्यात आर-१२ असणार. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० उजाडेपर्यंत आपल्याकडे तो संपवला गेला. तेव्हा कुणी "जुना ओरिजिनल गॅस आहे माझ्याकडे" म्हणून डबा पुढे केला तर भुलू नकोस. तुला आर-१३४ए वर जायचं आहे. स्वस्तात मिळणाऱ्या कुठल्यातरी मिश्रणात एलपीजीचा अंश असू शकतो, तो पेट घेतो. डॅशबोर्डखाली, पायाशी, तसला गॅस? अजिबात नको.

पण १३४ए वर जाणं म्हणजे नुसता डबा बदलणं नव्हे बघ. आर-१२ बरोबर जे खनिज तेल चालायचं, ते १३४ए मध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते कंप्रेसरकडे परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा फिरून जाम होतो. जुनं तेल काढून लाइन फ्लश करायची, आणि ती पेट्रोल-थिनरने नाही, त्यासाठीचंच द्रावण वापरून. मग एस्टर तेल घालायचं. जुन्या तेलाचा थोडा अंश राहिला तरी ते निभावून नेतं. ड्रायर नवा घ्यायचा, १३४ए ला चालणारा. (मी 'ड्रायर' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडीत केस वाळवायची सोय आहे की काय, असं विचारून बसले होते. अख्खं गॅरेज हसलं. तू हसण्यावारी नेऊ नकोस, तो ओल शोषून घेणारा डबा आहे.) त्याची टोपणं अगदी जोडायच्या क्षणी काढायला सांग, नाहीतर तो बाहेरचीच ओल पिऊन बसतो.

मग व्हॅक्यूम. पंप लावून किमान अर्धा-पाऊण तास. त्यानंतर पंप बंद करून गेजचा काटा तसाच राहतो का, ते बघत बसायचं. मिस्त्री घाई करेल, तू चहा मागव. काटा हलला तर गळती अजून आहे, नाही हलला तर आता, हो आता, गॅस.

गॅस वजनावर भरून घ्यायचा. १३४ए साधारण जुन्या आर-१२ च्या ऐंशी-पंचाऐंशी टक्के पुरतो. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची जुनी सवय अनेकांना आहे, पण १३४ए मध्ये ती काच नीट सांगत नाही आणि गॅस जास्त होतो. जास्त गॅस म्हणजे जास्त थंडावा, हा गैरसमज मनातून काढून टाक. उलट होतं.

आणि इथे आपलं चंद्रपूर आडवं येतं बघ. मे महिन्यात ४६-४७ अंश आपल्याला नवलाचे नाहीत. एसी आतली उष्णता उचलून पुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो, पण बाहेरचीच हवा इतकी तापलेली असेल तर कंडेन्सरला त्याहून वीसएक अंश जास्त गरम व्हावं लागतं. साधारण ६५ अंशांना १३४ए चा दाब अडीचशे पीएसआयच्या वर जातो, आर-१२ पेक्षा जास्त. म्हणून जुना छोटा कंडेन्सर तसाच ठेवून गॅस बदलला, तर सकाळी आठला गार हवा येते आणि दुपारी दोनला नुसता वारा. पैसे कुठे घालायचे असतील तर इथे घाल: पॅरलल फ्लो कंडेन्सर आणि त्यापुढे चांगला विजेचा पंखा. धावताना समोरून वारा मिळतो गं, पण रेल्वेच्या फाटकावर उभी राहिलीस की तो पंखाच तुझा आधार.

कंप्रेसर पार गेला असेल तर रडू नकोस. ब्रॅकेट बनवून मारुतीचा कंप्रेसरही बसवता येतो, बेल्टची रेघ तेवढी सरळ यायला हवी.

आता इंजिनकडे बघ. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसएक अश्वशक्तीचं. त्यातून कंप्रेसर तीन-चार ओढून नेतो. एसी लावल्यावर गाडी थोडी दमली, आयडलिंगला थरथरली, तर तिच्यात बिघाड नाही. आयडलिंगचा वेग वाढवणारा आयडल-अप बसवून घे, ओव्हरटेक करताना एसी क्षणभर बंद कर. पण रेडिएटर मात्र आधी उघडून साफ करून घे. पुढे कंडेन्सर आला की रेडिएटरला आयती तापलेली हवा मिळते, आणि गाळ साचलेला रेडिएटर ते सोसणार नाही. विजेचंही तसंच. तुझ्या गाडीत अजून जुना डायनॅमो असेल तर अल्टरनेटर घातल्याशिवाय कंप्रेसरचा क्लच, ब्लोअर, पंखा आणि रात्रीचे दिवे एकत्र चालायचे नाहीत. प्रत्येकाला वेगळा रिले आणि फ्यूज. जुन्या तारांचं रबर हाताने तुटत असेल तर त्या बदलच, तिथे काटकसर नको.

आपल्याकडची धूळ विसरू नकोस. घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची काळी, आलापल्लीच्या बाजूला लोहखनिजाच्या ट्रकांची लाल. ती कंडेन्सरच्या पात्यांत जाऊन बसते. महिन्यातून एकदा साध्या नळाच्या धारेने धुवायचं, जोरदार प्रेशरने नाही, पाती वाकतात. आणि एसीचं पाणी बाहेर जायची नळी बघ. शेडमध्ये उभ्या गाडीत कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर बांधते आणि मग पाणी तुझ्या आईच्या पायावर टपकतं. गॅस गळतोय म्हणून कुणी बिल लावायच्या आधी एक तार घालून ती नळी मोकळी कर. उंदरांनी कुरतडलेल्या तारा पण याच वेळी दिसतील.

थंडावा आत टिकला पाहिजे, हेही ध्यानात ठेव. दारांची बीडिंग, फरशीतली भोकं, इंजिनकडून येणाऱ्या तारांच्या फटी बुजव, पायाखाली जाड फेल्ट घाल. काचांवर काळी फिल्म लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली, तेव्हा तो मोह सोड आणि उभ्या गाडीला पुढच्या काचेमागे पत्र्याचा किंवा कापडाचा आडोसा कर. निघताना आधी काचा उघडून तापलेली हवा बाहेर घालव, मगच एसी.

गॅरेजमध्ये तुला "साहेबांना पाठवा ना" असं ऐकवलं जाईल. ऐकून घे आणि वही उघड. कामाची यादी, किती ग्रॅम गॅस, कोणतं तेल, नवे पार्ट कोणते, सगळं कागदावर लिहून घे, काढलेले पार्ट पिशवीत परत माग. आवाज चढवायची गरजच पडत नाही. बाई लिहून घेतेय म्हटलं की काम आपोआप नीट होतं, हा माझा अनुभव आहे. आणि हो, खर्चाला हात घालण्याआधी आरसी काढून बघ. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. तेच राहिलं असेल तर आधी ते.

अपेक्षा मात्र माफक ठेव बाई. ही नवी गाडी नाही. भर दुपारी ब्लोअरच्या तोंडाशी धरलेला थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा वीसएक अंश कमी दाखवत असेल तर काम उत्तम झालंय. तपासणी सकाळी गॅरेजच्या सावलीत घेऊ नकोस. दुपारी दोनला मूलच्या रस्त्यावर मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी फिरव, मग पाच मिनिटं उन्हात चालू ठेवून उभी कर. तेव्हाही गार हवा आली, इंजिनच्या तापमानाचा काटा जागेवर राहिला, तरच उरलेले पैसे दे. आणि त्याच आठवड्यात आईला गडचिरोलीला न्यायची तारीख ठरव. जमेल गं तुला.