बांबूला टाकीत का बुडवतात?

जुन्या बांबूखाली पिवळसर पीठ पडलेलं पाहिलंय ना? ते भुंग्याचं काम. बांबूतला स्टार्च म्हणजे त्याची मेस! म्हणून कुडाळच्या कॉनबॅकसारख्या ठिकाणी बांबूवर आधी प्रक्रिया करतात, मग बांधकाम. साधी पद्धत अशी: 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक ॲसिड. बांबू तरंगतो, तेव्हा दगडांनी दाबून आठवडाभर बुडवायचा. पण गंमत म्हणजे वरची साल द्रावण जवळपास आत घेतच नाही. ते शिरतं कापलेल्या टोकांतून. म्हणून पोकळ बांबूच्या पेरांतले पडदे सळईने फोडतात. आपला माणगा बराचसा भरीव, तिथे सळई काय करणार? तो ताजा, ओला असतानाच बुडवावा, म्हणजे ओलाव्यातून बोरॉन हळूहळू आत सरकतं. मात्र पावसात तेच बोरॉन धुऊन जातं. तेव्हा रत्नागिरीत असा बांबू छपराखालीच लावा, उघड्या कुंपणाला नको.