मंदीच्या काळातील सरकारी दप्तर आणि कुटुंबाचा इतिहास

राजघराण्यांच्या वंशावळी भाटांनी जपल्या. सरदार-इनामदारांचा इतिहास त्यांच्या सनदांतून मिळतो. परंतु मजुराच्या किंवा कुळाच्या पूर्वजांची माहिती कोठे शोधावयाची? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेच्या अनुभवातून मिळते. सामान्य माणसाची सविस्तर नोंद पुष्कळदा त्याच्या सर्वांत कठीण दिवसांत, सरकारी मदतीच्या निमित्ताने झालेली असते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तेथील कामकरी लोकांपैकी सुमारे एक-चतुर्थांश बेकार झाले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने रोजगाराच्या व सामाजिक विम्याच्या योजना हाती घेतल्या. त्यांबरोबर अर्ज, कार्डे व वेतनाच्या नोंदी यांचे मोठे दप्तर तयार झाले. तेच आज नातवंडा-पतवंडांच्या उपयोगी पडत आहे.

जनगणनेपासून प्रारंभ

शोधाचा प्रारंभ जनगणनेपासून करणे सोयीचे असते. १९३० च्या जनगणनेत घर मालकीचे की भाड्याचे, याची नोंद आहे. १९४० च्या जनगणनेत शिक्षण, १९३९ मधील वेतन, सरकारी रोजगार योजनेवरील काम आणि १ एप्रिल १९३५ रोजीचे वास्तव्य विचारले गेले. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे ओक्लाहोमातील घर गमावून कॅलिफोर्नियात मजुरीस गेलेल्या कुटुंबाचा प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडतो. व्यक्तिगत माहिती ७२ वर्षे गुप्त ठेवण्याच्या नियमामुळे १९४० ची पाने २ एप्रिल २०१२ रोजी खुली झाली.

कामाच्या व विम्याच्या नोंदी

१९३३ ते १९४२ या काळात सुमारे ३० लाख तरुणांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या योजनेखाली वनीकरणाची व मृदसंधारणाची कामे केली. महिना ३० डॉलर वेतनापैकी सामान्यतः २५ डॉलर घरी पाठविले जात. त्यामुळे तरुणाच्या नोंदीत पैसे घेणाऱ्या आप्ताचे नावही आढळते. १९३५ ते १९४३ या काळातील ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ने सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याखालील अर्ज तर वंशशोधकास विशेष मोलाचा आहे. अर्जदाराची जन्मतारीख, जन्मस्थळ, मालकाचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे नाव त्यात एकत्र मिळते.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली अशी की, नोंद म्हणजे निर्विवाद सत्य नव्हे. घरी कोणी न भेटल्यास गणक शेजाऱ्याकडून माहिती घेत असे. १९४० मध्ये माहिती देणाऱ्या घरच्या व्यक्तीच्या नावापुढे वर्तुळात फुली केलेली असे. वय व नाव किमान दोन कागदांवरून पडताळावे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. सामाजिक सुरक्षा कायद्यातून प्रारंभी शेतमजूर व घरकामगार वगळले होते. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. म्हणून नाव न सापडणे म्हणजे माणूस नसणे नव्हे. कोणास योजनेबाहेर ठेवले गेले, हेही दप्तर सांगत असते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातही शाळेचे जनरल रजिस्टर आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी यांवर जातीच्या दाखल्यासारखे हक्क अवलंबून असतात. दुष्काळी कामाच्या हजेरीपटावरील नाव त्या काळी केवळ मजुरी देण्यापुरते लिहिले गेले असेल. तथापि एखाद्या कुटुंबाचा तो एकमेव लेखी पुरावाही ठरू शकतो. म्हणून पूर्ण नाव सुवाच्य लिहिणे, खाडाखोड टाळणे आणि जुनी दप्तरे वाळवी व ओलीपासून जपणे, हे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचे पुढील पिढ्यांप्रती कर्तव्य होय.